बालपणीचा आघात आणि ऐकणारा माणूस : मराठी आत्मकथने, संशोधनाची प्रश्नावली आणि कर्जत-खालापूरचे मूल

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयात बालपणीच्या दुःखाची नोंद विपुल आहे. मात्र त्या नोंदीकडे मानसिक आरोग्याच्या संशोधनातील पुरावा म्हणून पाहण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही. मराठीचा अध्यापक आत्मकथनातील भूक, मार, परित्याग यांची चर्चा ‘सामाजिक वास्तव’ या सदराखाली करतो. मानसशास्त्राचा अध्यापक तेच अनुभव प्रश्नावलीच्या रकान्यांत भरतो. एकाच महाविद्यालयात, एकाच मजल्यावर बसणाऱ्या या दोघांची गाठ सहसा पडत नाही. प्रस्तुत लेखात या दोन नोंदी एकमेकींसमोर ठेवून, बालपणातील प्रतिकूलता आणि तरुणांचा मानसिक आरोग्यसेवांचा वापर यांविषयीच्या संशोधनाची समीक्षा करावयाची आहे. विचारासाठी प्रदेश घेतला आहे तो रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांचा, आणि त्यातही कडाव परिसराचा.

लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रतिकूलतेचे संशोधन ‘काय घडले’ हे मोजते. सेवावापराचे संशोधन ‘दवाखान्यात कोण आले’ हे मोजते. या दोहोंच्या मध्ये ‘कोणाला सांगितले’ हा प्रश्न उभा असतो आणि तो दोन्हीकडे निसटतो. मराठीतील महत्त्वाच्या आत्मकथनांनी मात्र तो प्रश्न आपल्या रचनेतच सोडविला आहे.

गुणांकाची भाषा

या क्षेत्रातील आजच्या बहुतेक अभ्यासांचे मूळ १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या वैद्यकांनी सॅन दिएगो येथील कैसर परमनेन्टे या आरोग्यविमा संस्थेच्या हजारो प्रौढ सभासदांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले. शारीरिक, मानसिक व लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन, मनोविकार, तुरुंगवास अशा वर्गांत उत्तरे मांडली. पुढे उपेक्षा आणि आईवडिलांची ताटातूट यांची भर पडून दहा प्रश्नांची परिचित यादी तयार झाली. जितके वर्ग अधिक, तितका प्रौढपणी नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न आणि हृदयविकारादी शारीरिक व्याधींचाही धोका अधिक, असे त्यातून दिसून आले. या अभ्यासाचे मोल मोठे आहे. बालपणीचा मार शरीरातही उतरतो, ही गोष्ट वैद्यकाला आकड्यांत मान्य करावी लागली ती त्यामुळे.

आक्षेप आहे तो गुणांकाच्या पुढील प्रवासाला. मुळात समूहाच्या अभ्यासासाठी केलेली बेरीज पुढे एकेका व्यक्तीच्या माथी मारली जाऊ लागली. ‘या विद्यार्थ्याचा गुणांक सहा आहे’ असे म्हणण्याची सोय झाली. खुद्द अँडा यांनी सहकाऱ्यांसह २०२० साली लिहिलेल्या लेखात अशा वापराविरुद्ध इशारा दिला आहे. घटनेची तीव्रता, वारंवारिता, ती कोणत्या वयात घडली, तेव्हा जवळ कोण होते, यांपैकी काहीही त्या बेरजेत येत नाही. प्रौढांच्या आठवणींचा प्रश्न तर वेगळाच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे आढळले की, बालपणी प्रत्यक्ष नोंदविलेला छळ आणि मोठेपणी आठवून सांगितलेला छळ यांची जुळणी फारच कमी आहे. दोन्हींतून हाती लागणारी माणसे बहुतांशी वेगवेगळी असतात. याचा अर्थ आठवण खोटी ठरते असा नव्हे. सांगणे ही घडण्याहून स्वतंत्र क्रिया आहे आणि तिचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा, एवढाच तिचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नावलीचा आंतरराष्ट्रीय अवतार तयार केला. त्यात सवंगड्यांकडून होणारा छळ, वस्तीतील हिंसा, सामूहिक हिंसा यांची भर घातली. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी ती प्रश्नावलीही अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे. आपल्याकडे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेला बाल-अत्याचारविषयक अभ्यास या बाबतीत अधिक समंजस वाटतो. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यात थेट बोलणे झाले आणि कुटुंबातील, शाळेतील, संस्थेतील, कामावरील व रस्त्यावरील मुले असे पाच गट वेगळे धरले गेले. तीनपैकी दोन मुलांना शारीरिक मार बसतो, हा त्याचा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून गाजला. त्याची रचना मात्र कोणी फारशी लक्षात घेतली नाही. मूल घराखेरीज इतरत्रही राहते, हे त्या रचनेने गृहीत धरले होते.

आत्मकथनातील श्रोता

आता आत्मकथनांकडे वळू. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही चार पुस्तके डोळ्यांसमोर ठेवली आणि वर सांगितलेली दहा प्रश्नांची यादी हाती घेतली, तर चारही निवेदकांचा गुणांक भरभक्कम येईल. परंतु तो येईल कसा, हे पाहण्याजोगे आहे.

‘घरातील कोणी तुरुंगात गेले होते काय?’ या प्रश्नाला ‘उचल्या’चा निवेदक होकार देईल आणि त्याला एक गुण मिळेल. सॅन दिएगोतील एखाद्या मुलालाही तेवढाच मिळेल. पण ‘उचल्या’त पोलिसांची धाड घरावर येते त्याआधी ती जमातीवर आलेली असते. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. येथे तुरुंगवास ही एका कुटुंबाला झालेली बाधा म्हणून समजून घेता येत नाही. त्या मुलाच्या ओळखीत अपवाद असतो तो धाड न पडलेल्या घराचा. दुसरा प्रश्न भुकेचा. मूळ यादीत पोटभर न मिळणे हे ‘उपेक्षा’ या वर्गात जाते आणि उपेक्षा करणारे म्हणून बोट दाखविले जाते ते पालकांकडे. ‘उपरा’तील बाप गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरतो, टोपल्या विणतो आणि तरीही पोराच्या शाळेचा हेका सोडत नाही. त्या बापाला उपेक्षेच्या रकान्यात बसविणारी प्रश्नावली वाचकाला क्षणभर हास्यास्पद वाटेल. पण तीच प्रश्नावली वीटभट्टीवर नेली की कोणाला हसू येत नाही, कारण तेथील बापाने आत्मकथन लिहिलेले नसते.

तथापि याची दुसरी बाजू सोडून चालणार नाही. दलित-भटक्या आत्मकथनांच्या समीक्षेत आपण सगळा दोष व्यवस्थेवर ठेवून घराला सहजी सोडवून देतो. ‘कोल्हाट्याचं पोर’ याला आडवे येते. आई दूर गेलेली, बापाचे नाव नाही, आजोबांच्या घरी वाढणे, आणि हाल होतात ते आपल्याच माणसांच्या हातून. कोल्हाटी समाजातील तमाशाची रीत आणि त्या घरातील वैयक्तिक क्रौर्य ही दोन्ही काळे यांनी वेगवेगळी दाखविली आहेत. एकीने दुसरीचे समर्थन होऊ दिलेले नाही. पुढे डॉक्टर झालेला हा लेखक आईचे नाव लावून लिहितो, यातही तक्रार आणि माया दोन्ही आहेत. गुणांकाच्या बेरजेला हे दुहेरी गणित येत नाही. आमच्या समीक्षेलाही ते फारसे आलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

मुख्य मुद्दा यापुढचा आहे. ही पुस्तके सांगितली कशी गेली? ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या शिकल्या-सवरल्या माणसाला सांगतो, हे दोघे एकच आहेत. समीक्षकांनी या युक्तीला दुभंगलेपण म्हटले. ते खरे असले तरी अपुरे आहे. दगडूला ऐकणारा कोणी नव्हता, म्हणून पुस्तकाला तो निर्माण करावा लागला. बालपण संपल्यावर कित्येक वर्षांनी, त्याच मुलाने मोठे होऊन, स्वतःच स्वतःसमोर बसून ऐकले. मानसोपचारात ज्याला ऐकून घेणे म्हणतात, त्याची इतकी प्रामाणिक आकृती मराठी गद्यात क्वचितच आढळेल.

ही रचना दलित साहित्यापुरतीच आहे असेही नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत. आश्रमातील सोबती गोळा होतात आणि श्याम सांगतो. कर्ज, जप्ती, अपमान, आणि शेवटी आपण दूर असताना झालेला आईचा मृत्यू. या पुस्तकावर महाराष्ट्राच्या पिढ्या रडल्या. ते रडणे संस्काराच्या खात्यावर जमा झाले. आई गेली तेव्हा जवळ नसलेल्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न पाठ्यपुस्तकाखालच्या स्वाध्यायात कधी आला नाही. गुरुजींनी मात्र श्यामला रोज रात्री ऐकणारी माणसे दिली होती.

या सर्व पुस्तकांत डॉक्टर कितीदा येतो? मनाच्या दुखण्यासाठी जवळजवळ नाहीच. येतो तो मास्तर. एखादा मारणारा, एखादा वही देणारा. सेवावापराच्या परिभाषेत बोलायचे तर या मुलांनी वापरलेली ‘सेवा’ म्हणजे शाळेतील एक माणूस. संशोधनात त्याची नोंद ‘अनौपचारिक मदत’ या एका ओळीत होते.

कर्जत-खालापूर

कडाव हे बालदिगंबर गणेशाच्या देवळामुळे ओळखले जाणारे गाव. भोवती भातशेती, अलीकडे वाढलेली फार्महाऊसे, आणि डोंगराच्या कडेने ठाकर व कातकरी वाड्या. कातकरी ही शासनाने विशेष असुरक्षित मानलेली आदिम जमात. भात झोडून झाले की वाडीतील अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात. मालकाकडून घेतलेली उचल फेडून पावसाच्या तोंडावर परततात. मुले एक तर बरोबर जातात, नाही तर आश्रमशाळेत राहतात. यादीतील ‘ताटातूट’ हा प्रश्न आईवडिलांच्या विभक्त होण्याविषयी आहे. सहा-सात वर्षांचे मूल वर्षातील बहुतेक महिने आईवडिलांवाचून निवासी शाळेत काढते, ही ताटातूट त्यात बसत नाही, कारण आपल्या लेखी ती ‘योजना’ आहे. निवासी शाळांनी अनेकांची आयुष्ये घडविली, हे नाकारण्याचा हेतू नाही. परंतु मोजपट्टीत जे नाही ते नंतर कोणाच्या अहवालातही येत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २२८ लोकवस्तीच्या त्या ठाकरवाडीतील २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि शोधकार्य थांबले तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. वाडीतील काही मुले आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली. या एका वाक्यात बालपणीच्या प्रतिकूलतेचे सगळे संशोधन अडखळते. जी ताटातूट मोजली जात नव्हती तिनेच जीव वाचविला, आणि वाचलेल्या मुलाच्या वाट्याला आपण तेथे नव्हतो हे ओझे आले. त्या दिवसांत समुपदेशनाची भाषा झाली, दत्तक घेण्याच्या घोषणा झाल्या, नंतर पुनर्वसनाच्या घरांची चर्चा झाली. यांपैकी काहीही अनावश्यक नव्हते. पण दरडीसारख्या आघाताला बातमी असते, पंचनामा असतो, तारीख असते. भट्टीवर गेलेल्या बालपणाला तारीख नसते.

या प्रदेशातील शब्दांकडेही पाहिले पाहिजे. मूल गप्प झाले, झोपेत ओरडू लागले, मुलीच्या अंगात येऊ लागले, तर पहिला शब्द येतो ‘बाहेरचं’ आणि पहिली वाट जाते भगताकडे. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. भगताची चिकित्सा प्रस्तुत लेखकास मान्य नाही. परंतु तो त्या मुलाला नावाने ओळखतो, त्याच्या आजीलाही ओळखतो, चार माणसांत बसवून विचारतो आणि दोष मुलावर न ठेवता बाहेरच्या कशावर तरी ठेवतो. सेवा न वापरण्याचे कारण म्हणून ‘जागृतीचा अभाव’ असे लिहिणाऱ्या शोधनिबंधांनी या स्पर्धकाचा नीट अभ्यास केलेला दिसत नाही.

बेंगळुरूच्या निमहान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यात १३ ते १७ वयोगटातील मुलांमध्ये मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले, महानगरांत १३.५, तर ग्रामीण भागात ६.९. ग्रामीण मुले महानगरी मुलांच्या निम्म्यानेच दुखावलेली असतात, असे कोणास वाटत असल्यास त्याने एक वेगळी शक्यताही पडताळावी. प्रश्न ज्या भाषेत विचारला गेला त्या भाषेत दुःख बोलण्याची सवय कोणाला अधिक होती? वर्गात ‘तुला घरी कोणी मारत असे का?’ असे एकवचनी विचारले की वाडीवरून येणारा विद्यार्थी पुष्कळदा अनेकवचनात उत्तर देतो, ‘आमच्यात मारतातच.’ हे उत्तर ‘होय’ या रकान्यात टाकायचे की ‘नाही’, हे भाषेच्या अध्यापकाने सांगावयास हवे.

सेवेचा उंबरठा

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. कडावच्या मुलीने तेथे जायचे तर कर्जत, पुढे खोपोली किंवा पनवेल, मग पेण आणि मग अलिबाग. रेल्वे तेथवर नाही. त्यापेक्षा दुसऱ्या जिल्ह्यातील ठाणे लोकल गाडीने सोयीचे. तेथे १९०१ पासूनचे शासकीय मनोरुग्णालय आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभारलेली मानसिक आरोग्याची संस्थाही. म्हणजे या तालुक्यातून जे थोडे तरुण मदत घेतात, त्यांपैकी जे रेल्वेने ठाण्याला जातात ते रायगडच्या आकड्यांत दिसणारच नाहीत. जिल्हावार सेवावापर मोजणाऱ्याने एकदा रेल्वेचे वेळापत्रक वाचावे, हे विनोदाने म्हटलेले नाही.

कर्जतमध्येच वेणगाव येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र २००६ पासून आहे. देशभरातील रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, बरे करून, त्यांच्या घरी पोहोचविण्याचे हे काम. २०१८ साली डॉ. वाटवानींना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे केंद्र आसपासच्या वाड्यांतील किशोरवयीनांसाठी नाही, तसा त्याचा उद्देशही नाही. पण एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. घर तुटून रस्त्यावर आलेल्या माणसाला देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आणले जाते ते याच तालुक्यात. आणि घर तुटत असताना तेथे असलेल्या मुलाला विचारण्याची व्यवस्था या तालुक्यात शोधावी लागते. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांतून ‘मैत्री’ केंद्रे आहेत. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फिरवायचा तर घरात फोन बहुधा एकच, तोही बापाच्या खिशात.

कायद्यानेही येथे पेच घातला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने सेवा मिळण्याचा हक्क दिला. परंतु अज्ञान मुलाचा प्रतिनिधी म्हणून सामान्यतः पालकच धरला. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असेल तर मंडळ दुसरी व्यक्ती नेमू शकते, अशी तरतूद आहे. कर्जतच्या आश्रमशाळेतील मुलीने त्या मंडळापर्यंत जावे कसे, हे कायदा सांगत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती कळविण्याचे बंधन आहे. म्हणजे प्रश्नावलीतील एका प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले की संशोधक हा संशोधक राहत नाही. यावर सोपा मार्ग म्हणजे तो प्रश्नच गाळणे, आणि एम.फिल.-पीएच.डी.च्या मुदतीत काम उरकणाऱ्याला तो मोह होणारच. प्रश्न गाळलेल्या अभ्यासातून या परिसरात असे काही नाही असा निष्कर्ष निघतो, तेव्हा मात्र तो मोह राहत नाही, अपराध होतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक वा तत्सम तज्ज्ञ नेमावा, हे त्यांतील एक. आपली महाविद्यालये ते पाळतील. निदान दारावर पाटी लागेल. त्या दारापर्यंत किती विद्यार्थी गेले याची नोंद वार्षिक अहवालात जाईल आणि उद्याचा संशोधक तिलाच सेवावापर म्हणेल. त्याच नोंदवहीत आणखी एक रकाना ठेवता येईल : येथे येण्यापूर्वी हे कोणाला सांगितले होते? उत्तरात मैत्रीण येईल, भगत येईल, आश्रमशाळेतील स्वयंपाकीणबाई येईल, आणि पुष्कळदा ‘कोणालाच नाही’ असे येईल. ही नोंद भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी, भात कापणीच्या आत व्हावयास हवी. एकदा उचल घेऊन कुटुंब निघाले की पटावर नाव राहते आणि वाडीत कुलूप.